भिवाची वही आणि शेठची मर्सिडीज

दिनांक १९ फेब्रुवारी १९९८, रुपये चार लाख बारा हजार पाचशे. एवढ्या रकमेला भास्करशेठ शिरधनकरांनी अंधेरीच्या एका गृहस्थाकडून १९८३ सालची मर्सिडीज २४० डी विकत घेतली. गृहस्थ कुवेतला नोकरीला होते आणि परत येताना गाडी बरोबर घेऊन आले होते. रंग दुधात थोडा चहा पडावा तसा. किलोमीटर एक लाख एकेचाळीस हजार तीनशे सहा.

हा आकडा शेठच्या लक्षात नव्हता. तो भिवाने लिहून ठेवला होता. गाडी ताब्यात घेताना त्याने आतल्या दिव्याच्या उजेडात आकडा वाचला आणि रस्त्यात पनवेलला चहाला थांबल्यावर दुकानातून दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर नाव घातले: भिवा सखाराम तांबे, चालक. खाली तारीख आणि आकडा.

भिवा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्याआधी वीस वर्षे तो आंब्याच्या पेट्यांचा ट्रक मुंबईला नेत असे. शेठचा मुख्य धंदा आमरसाच्या डब्यांचा. त्यांच्याच कारखान्याचा ट्रक. वीस वर्षांत भिवाने एकही पेटी फुटू दिली नाही, म्हणून शेठनी मर्सिडीज त्याच्या हाती दिली. तो मॅट्रिक झाला होता आणि अक्षर असे की वाडीतल्या लग्नपत्रिकांचे पत्ते त्याच्याकडून लिहून घेत.

वहीत सुरुवातीला डिझेल, ऑइल, टायरची हवा एवढेच असे. पुढे ती वाढत गेली. गाडीच्या कप्प्यात एक जुनी इंग्रजी पुस्तिका सापडली. भिवाची मुलगी दीप्ती तेव्हा अकरावीत होती. रविवारी ती एकेक पान वाचून अर्थ सांगे आणि बाप मराठीत उतरवून घेई. पुस्तिकेत नव्हते ते तिने कॉलेजच्या ग्रंथालयातून आणले. त्यातली बर्था बेन्झची गोष्ट भिवाला फार आवडली. १८८८ साली या बाईने नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार बाहेर काढली, दोन मुलगे बरोबर घेतले आणि शंभर किलोमीटरवरचे माहेर गाठले. वाटेत इंधन संपले तर औषधाच्या दुकानातून द्रव विकत घेतला. नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले.

"आणि बाबा, कारखान्यात पैसा तिच्या माहेरचा होता. पण पेटंटवर नाव नवऱ्याचं," दीप्ती म्हणाली.

"आन मर्सिडीज कोण? त्याची दुसरी बायको?" चुलीपाशी बसलेल्या कमलाबाईने विचारले.

"छे गं. गाड्या विकणाऱ्या एका शेठची मुलगी. त्यानं लाडानं तिचं नाव गाडीला दिलं."

"म्हंजे जिनं गाडी हाकली तिचं नाव नाय, आन जिनं कायच केलान नाय तिचं नाव?"

"तुझं नाव कशाला लागणार नाय, घाबरू नको," भिवा म्हणाला, आणि तिघेही हसले. हे त्याने वहीत लिहिले नाही. बर्थाची गोष्ट मात्र तीन पाने लिहिली.

१९९९च्या दिवाळीत गाडीने पहिला तमाशा केला. शेठ रविवारी सुरमई घ्यायला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जात. त्या दिवशी भिवाला उतरवून त्यांनी स्वतः हौसेने गाडी लावली, चावी काढून खिशात टाकली. इंजिन बंद होईना. शेठ बाहेर, चावी खिशात, आणि गाडी आपली धडधडते आहे. मासळीवाल्या गंगुबाईने सुरमईवरचा सुरा थांबवला.

"शेठ, भूत बसलाय तिच्यात! तिला आधी बांगडो दाखवा, मग उतरंल!"

सगळा बाजार हसला. शेठ लालेलाल झाले. भिवाने बॉनेट उघडले, इंजिनाच्या बाजूला 'स्टॉप' लिहिलेली छोटी दांडी दाबून धरली आणि गाडी गप्प झाली. या गाडीचे इंजिन हवेच्या ओढीने बंद होते. ती रबरी नळी कुठे चिरली की चावीला कोणी विचारत नाही. भिवाने पुस्तिकेतले हे पान आधीच वाचून ठेवले होते. घरी जाऊन त्याने ते चित्रासकट वहीत काढले आणि खाली लिहिले, 'चावी खिशात आहे म्हणून गाडी आपली झाली असे नाही.'

पण गाडीचा खरा वैरी होता खारा वारा. शेठचा बंगला समुद्राला लागून. दोन पावसाळ्यांत चाकांच्या वरचा पत्रा फुगू लागला. कोल्हापूरच्या मेकॅनिकने गाडी वर उचलून पाहिली आणि म्हणाला, "पाच वर्षं. मग तळ राहणार नाही."

भिवाला त्या रात्री झोप लागली नाही. त्याचा बाप सखाराम उभा जन्म मिरकरवाड्यात होड्यांच्या तळाला काजूच्या टरफलांचे तेल लावत असे. कोणाचा गडी म्हणून नव्हे. होडीमागे ठरवून काम घेई आणि त्याच्या हातची होडी कुजली असे कोणी म्हटले नाही. लाकूड जे खारे पाणी सोसते ते या तेलाच्या जोरावर. मग पत्र्याने का सोसू नये? २००० सालच्या मे महिन्यात, आंब्याचा हंगाम सरल्यावर, भिवाने काजूच्या कारखान्यातून एक डबा तेल आणले आणि खड्ड्यावर गाडी उभी करून तीन दिवस खाली पडून ब्रशने आणि बोटांनी सगळा तळ काळा केला. थोडे तेल सायलेन्सरवर ओघळले. चौथ्या दिवशी शेठ गाडीत बसून निघाले तर मारुती मंदिराशी खालून असा धूर निघाला की शेठ दार उघडून चालत्या गाडीतून उतरायच्या बेतात होते.

"भिवा, जाळतोस काय मला?"

"नाय शेठ. होडी जसा वास मारते तसाच वास येणार दोन दिवस. मग बघा."

ते तेल फार जहरी. कातडीला लागले की भाजल्यासारखे फोड येतात आणि मग ती जागा काळी पडते. भिवाची बोटे, मनगटे डागाळून गेली. तो दरवर्षी मे महिन्यात हे करू लागला आणि पत्र्याचे फुगणे जागच्या जागी थांबले. चार वर्षांनी कोल्हापूरच्याच मेकॅनिकने तळावर बोटाने टकटक केले आणि विचारले, "हे काय लावलंय? कंपनीचं आहे?"

"बापाचा हाय," भिवा म्हणाला.

वहीत ही हकीकत अकरा पाने झाली. किती तेल, कोणत्या ब्रशने, किती दिवस सुकू द्यायचे. त्यात बापाचे नाव होते, त्याच्या हातांचे वर्णन होते. जेवताना तो घास चिमटीत न धरता तळव्यावर घेई, कारण बोटांच्या टोकांना काही कळत नसे, हेही होते.

२००४च्या जुलैत शेठकडे पुण्याहून एक पत्र आले. मर्सिडीज बाळगणाऱ्या हौशी लोकांच्या एका खासगी मंडळाने जुन्या गाड्यांचा मेळावा ठरवला होता. त्यानिमित्त ते एक स्मरणिका काढणार होते आणि अनुभवांचे लेख मागवले होते. उत्तम लेखाला चांदीचा तारा. छापलेल्या प्रत्येक लेखाबरोबर लेखकाचा फोटो.

शेठच्या पत्नी लीलावहिनी शाळेत मराठी शिकवत. वही त्यांनी एकदोनदा गाडीत चाळली होती. त्यांनी भिवाला स्वयंपाकघराच्या दारात बोलावले.

"भिवा, ती वही दे मला. मी नीट उतरवून पाठवते. छापून येईल बघ."

"माझी, वहिनी?"

"मग कोणाची? तुझंच नाव येईल. फोटो आणून दे एक."

भिवाने स्टुडिओत जाऊन फोटो काढला. चार प्रती मिळाल्या. एक वहिनींना दिली, एक कमलाबाईने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चौकटीत खोचली, दोन दीप्तीने जपून ठेवल्या. भिवा बोलका नव्हता, पण ही गोष्ट त्याच्या पोटात राहिली नाही. वाडीत सगळ्यांना कळले. बुद्धविहाराच्या बैठकीत आप्पा तांबे म्हणाले, "भिवाचा पुस्तक आला की पयली प्रत हितं कपाटात ठेवायची." दीप्ती तेव्हा डी.एड. संपवून नोकरीच्या खटपटीत होती. ती म्हणाली, "बाबा, आजोबांचं नाव छापून येणार. कळतंय का तुम्हाला?" भिवाला ते तेवढे एकच कळत होते. सखाराम तांबेचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते; सातबाऱ्यावर नव्हते, होडीवर नव्हते. रेशनकार्डावर होते, ते कार्डही पुरात गेले.

ऑक्टोबरात शेठ म्हणाले, "आपल्या लेखाला तारा मिळाला रे भिवा. पुण्याला जायचंय." 'आपल्या' हा शब्द भिवाला गोड वाटला. त्याने नवा पांढरा शर्ट शिवला.

शनिवार, २७ नोव्हेंबर २००४. आंबा घाटाने कोल्हापूर, तिथून पुण्याचा रस्ता. मागे शेठ आणि वहिनी. कराडच्या पुढे उंब्रजला मागचे चाक बसले. भिवाने टायर उतरवून रस्त्याकडेच्या दुकानात नेले. पस्तीस रुपये झाले. शेठकडे पाचशेची नोट होती, दुकानदाराकडे सुटे नव्हते.

"तू दे रे, मग देतो," शेठ म्हणाले. भिवाने दिले.

रविवारी सकाळी पुण्यातल्या हॉटेलच्या आवारात चाळीसएक गाड्या उभ्या होत्या. ड्रायव्हर लोक एका बाजूला. भिवाची गाडी जमिनीवर वाकून पाहणारे बरेच होते. "कोकणातली? आणि तळ असा?" भिवा नुसता हसत होता. स्मरणिका आत टेबलावर ठेवल्या होत्या. ड्रायव्हरांना त्या कोणी दिल्या नाहीत. अकरा वाजता तो सभागृहाच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. नाव पुकारले की पुढे जायला किती पावले पडतील, हे त्याने नजरेने मोजले.

व्यासपीठावरून नाव पुकारले गेले: श्री. भास्कर शिरधनकर, रत्नागिरी.

भिवाला आधी वाटले, मालक म्हणून त्यांना बोलावले असेल, ते आता आपल्याला हाक मारतील. शेठ वर गेले. तारा घेतला. खिशातून चष्मा काढला आणि वाचायला लागले. 'एक लाख एकेचाळीस हजार तीनशे सहा. एवढे अंतर कापून ही गाडी माझ्याकडे आली, आणि मी पनवेलला एक वही विकत घेतली.'

भिवाने दाराची चौकट धरली. एकेक वाक्य त्याला पाठ होते. बर्था बेन्झ आली, टोपीची पिन आली. बांगड्याचा विनोद आला, लोक खदखदून हसले. 'मी बॉनेट उघडले आणि दांडी दाबली,' शेठनी वाचले. तरीही भिवा वाट पाहत होता. अकरा पाने यायची होती. तिथे तरी काहीतरी वेगळे असेल.

ते वेगळेच होते. शेठनी वाचले, 'आमच्या वडिलांच्या पदरी होड्यांना काजूचे तेल लावणारा सखाराम नावाचा एक गडी होता. लहानपणी मी त्याचे हात पाहिले होते.'

शेठच्या वडिलांची एकही होडी नव्हती. सखारामने त्यांच्या अंगणात कधी पाऊल ठेवले नव्हते. पण त्या एका वाक्याने भिवाचा बाप शेठच्या बापाचा गडी झाला, आणि चाळीस गाड्यांच्या मालकांनी टाळ्या वाजवल्या.

परीक्षकांत एक वयस्कर पारशी होते, पुण्यात मोटारींचे जुने वर्कशॉप चालवलेले. त्यांनी माईक ओढून घेतला.

"शिरधनकरसाहेब, एक सांगा. हे तेल तर ॲसिडसारखं असते. तुम्ही स्वतः हाताने लावला म्हणता. मग हाताचा काय केला?"

शेठ थबकले. हे वहीत नव्हते. मिरकरवाड्यातल्या पोरालाही जे माहीत असते ते भिवाने लिहिलेच नव्हते. शेठची नजर सगळ्या सभागृहावरून फिरत मागच्या दारापर्यंत आली आणि थांबली. सहा वर्षे गाडीत जरा काही वाजले की याच नजरेने ते आरशातून पुढे पाहत. आणि सहा वर्षांच्या सवयीने भिवाच्या तोंडून निघून गेले,

"आधी खोबरेल चोळायचा, शेठ. कोपरापर्यंत."

सगळ्या माना मागे वळल्या. शेठनी हसून हात केला.

"हा आमचा ड्रायव्हर, भिवा. मी सगळं शिकवून तयार केलाय त्याला."

पुन्हा टाळ्या पडल्या. या खेपेला त्यातल्या काही भिवासाठीही होत्या. वहिनी पहिल्या रांगेत मांडीवरच्या पर्सकडे पाहत बसल्या होत्या.

जेवणाच्या वेळी ते पारशी गृहस्थ आवारात आले. गाडीच्या तळाकडे त्यांनी पाहिले नाही. भिवाचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, बोटांवरचे काळे डाग पाहिले. मग आतल्या दिशेने, जिथे शेठ लोकांशी हस्तांदोलन करत होते, तिकडे पाहिले.

"कोणी शिकवला तुला हे?"

बोलायचे असते तर ती वेळ होती. भिवाच्या मनात आले, सांगावे. पण सांगायचे म्हणजे पहिले नाव सखारामचे घ्यावे लागले असते, आणि ते नाव आताच आत 'गडी' म्हणून घेतले गेले होते. परमुलखात, जेवणाच्या ताटांच्या खणखणाटात, त्याला ते दुसऱ्यांदा मळवायचे नव्हते.

"तुमी जेवा साहेब, थंड होतंय," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर घाट उतरून साखरपा मागे पडल्यावर वहिनीच म्हणाल्या, "स्पर्धा मालकांचीच होती रे भिवा. नियमच होता तसा. तुझं नाव घातलं असतं तर लेखच घेतला नसता."

"नियम कधी कळला, वहिनी?"

"पत्रातच होता."

"म्हणजे जुलैत. मी फोटो काढला त्याच्या आधी."

शेठ म्हणाले, "अरे, गाडी माझी, डिझेल माझं, पगार माझा. लिहिलंस तू, पण अनुभव कोणाच्या गाडीचा? उगाच मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या महिन्यापासून दोनशे वाढवतो."

"आन माझा बाप, शेठ? तो कोणाच्या पगारावर होता?"

यावर शेठनी खिडकीची काच वर केली.

गाडी बंगल्यात लावून भिवाने किलोमीटर पाहिले, सवयीने. दोन लाख सात हजार नऊशे बारा. वही मागितली. वहिनींनी आतून आणून दिली. पहिले पान, नावाचे, कडेने पट्टी ठेवून नीट फाडलेले होते. त्याने चावी टेबलावर ठेवली.

"उद्यापासून येत नाय."

"रागावू नकोस, दोन दिवस घरी बस, मग ये," शेठ म्हणाले. त्यांना खरेच तसे वाटत होते.

घरी दीप्ती आणि कमलाबाई दारातच उभ्या होत्या. "पुस्तक?" दीप्तीने विचारले. भिवाने वही तिच्या हातात दिली. तिने ती उघडली आणि फाटलेल्या पानाच्या कडेवरून बोट फिरवले. कमलाबाईने भिंतीवरचा फोटो काढून आत डब्यात ठेवला. विहाराच्या कपाटाचे आप्पांनी पुन्हा कधी नाव काढले नाही, आणि भिवाला त्यांचे ते न विचारणे विचारण्यापेक्षा जड गेले.

जानेवारीपासून भिवा मिरकरवाड्यात बर्फाचा टेम्पो चालवू लागला. पगार कमी, गाडी खटारा, पण बंद करायला चावी पुरे होती.

शेठनी नवा ड्रायव्हर ठेवला. त्याने स्मरणिकेत वाचून मे महिन्यात तळाला तेल लावले, अगदी लिहिल्याप्रमाणे, दोन वर्षे. २००६च्या ऑगस्टमध्ये चाक बदलायला जॅक लावला तर गाडी वर उठण्याऐवजी जॅकच पत्रा फाडून आत गेला. तेलाचा काळा पापुद्रा वर शाबूत, आतला पत्रा बिस्किटासारखा.

शेठ स्वतः बर्फाच्या कारखान्यावर आले, रिक्षाने. भिवा टेम्पोत लाद्या चढवत होता.

"भिवा, तेल तर लावलं रे. तसंच लावलं. मग असं कसं झालं?"

कसे झाले ते भिवाला टेम्पोवरून न उतरता कळले. बंगल्याच्या विहिरीचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. त्या पाण्याने धुऊन तेल लावले म्हणजे मीठ आत कोंडले. भिवा तेलाआधी आठ दिवस नाचणे गावाच्या बाजूने डब्यांनी गोडे पाणी आणून तळ धुवत असे. सखाराम होडी आधी गोड्या पाण्याने धुई. त्यात लिहिण्यासारखे काय, म्हणून त्याने वहीत लिहिले नव्हते. उरलेला भाग अजूनही वाचवता आला असता.

त्याने हातातली लादी नीट रचली, वर गोणपाट टाकले.

"पुस्तकात बघा, शेठ. तुमीच लिवलाय."

बर्फाचे पाणी शेठच्या चपलांपर्यंत आले तेव्हा ते मागे सरले. गाडी पुढच्या वर्षी भंगारात गेली. तारा त्यांच्या दिवाणखान्यात आहे.

उंब्रजच्या पंक्चरचे पस्तीस रुपये शेठकडून अजून यायचे आहेत.